ओळख बाकी

आप्पांबरोबर राजगडाला गेलेला माणूस राजगड पाहत नाही. मी तीन वेळा गेलो आहे. गुंजवण्यातून सकाळी सातला निघायचं आणि पहिल्याच चढावर, जिथे बाकीचं जग अजून बुटांच्या नाड्या आवळत असतं, तिथे आप्पा गुडघे टेकतात. टेकले की उठत नाहीत. नऊ वाजता आम्ही गावापासून हाकेच्या अंतरावरच असतो. अकराला डबे सुटतात. चोरदरवाजा मी अजून पाहिलेला नाही. ज्याचं नावच चोरदरवाजा, तो सहजासहजी दिसायचा नाही, अशी मी मनाची समजूत घातली आहे. गड बघून उतरणारी पोरं विचारतात, "काका, काही हरवलंय का?" मान वर न करता आप्पा म्हणतात, "नाही, सापडलंय."

सापडलेलं प्रकरण बहुधा काडेपेटीच्या काडीवरल्या गुलाएवढं असतं. ते पाहण्यासाठी आप्पांच्या गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं भिंग असतं, दहापट मोठं दाखवणारं. ते वापरण्याची एक रीत आहे. आपण सिनेमातल्या गुप्तहेरासारखं भिंग लांब धरतो. ते डोळ्याला चिकटवायचं असतं आणि वस्तू डोळ्याजवळ आणायची असते. वस्तू जमिनीत रुजलेली असली की ती येत नाही, मग आपण जायचं. त्यामुळे जून ते ऑक्टोबर हा माणूस जमिनीला नाक लावूनच असतो. त्यांच्या सगळ्या पँटी गुडघ्यावर हिरव्या आहेत. लग्नकार्यालाही त्यांतलीच एखादी असते.

बँकेत आप्पा 34 वर्षं होते आणि त्यांतली बहुतेक सह्या जुळवण्यात गेली. खातं उघडताना घेतलेली नमुना सही आणि चेकवरची सही शेजारीशेजारी ठेवायची आणि बघायचं. खातेदार समोर उभा आहे, रोज भेटतो, चहा पाजतो, याला किंमत नाही. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्यांनी स्वतःच्या सासऱ्यांचा चेक 'सही जुळत नाही' असा शेरा मारून परत पाठवला होता. त्या दिवशी बाबांच्या अंगठ्याला गळू झालं होतं, हे काकूंनी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतात. आप्पांचं म्हणणं, गळवाची नोंद कार्डावर नव्हती.

अशा माणसाने निवृत्तीनंतर भजनी मंडळात जायला हवं होतं. ते गेले झाडं ओळखण्याच्या रविवारच्या वर्गाला. पहिल्याच दिवशी बाईंनी सगळ्यांना कडुनिंबाखाली उभं केलं आणि एकेक पान तोडून आणायला सांगितलं. पंचवीस सुशिक्षित माणसांनी करवती कडांची पंचवीस पानं आणली. बाई म्हणाल्या, एकानेही पान आणलेलं नाही. तो पानाचा तुकडा आहे, पर्णिका. पान म्हणजे ती हातभर लांब अख्खी काडी. खात्री करायची तर बगलेत बघा. पानाच्या बगलेत कळी असते, पर्णिकेच्या नसते. काडीवर प्रत्येक तुकड्यापाशी बघा, कळी नाही. काडी फांदीला मिळते तिथे बघा, आहे.

आप्पा त्या रात्री झोपले नाहीत. साठ पाडवे त्यांनी 'कडुनिंबाची चार पानं' खाल्ली होती आणि प्रत्यक्षात एकही पान पुरतं खाल्लेलं नव्हतं. एवढी मोठी चूक साठ वर्षं कुणाच्या लक्षात येऊ नये, हे त्यांना सोसेना. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सोसायटीच्या गेटपाशी येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून चिंचेचं पान केवढं असतं, असं विचारत होते.

तेव्हापासून आप्पांना पुन्हा नोकरी लागली. झाडाची सही म्हणजे फूल, हे त्यांना फार लवकर पटलं. पानाचं काय, सावलीत वाढलं की मोठं होतं, उन्हात आक्रसतं, एकाच झाडावर खाली एक आकार आणि वर दुसरा. पान म्हणजे शर्ट. शर्टावरून खातेदार ओळखायचा नसतो. लिनिअसने 1753 साली झाडांना दोन शब्दांची नावं दिली, तीही फुलं उघडून, पुंकेसर मोजूनच झाडांच्या रांगा लावून. म्हणून आपण कौतुकाने एखादं रोप दाखवलं की आप्पांचा पहिला प्रश्न असतो, "फूल आहे का?" नसेल तर, "मग आल्यावर सांगा." आणि खिडकी बंद.

त्यांचा ग्रंथ म्हणजे कुक. थिओडोर कुक हा मुळात इंजिनिअर, आज ज्याला आपण सीओईपी म्हणतो त्या कॉलेजचा प्राचार्य. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा त्याचा 'फ्लोरा' 1901 ते 1908 या काळात हप्त्याहप्त्याने छापून आला. तो चित्रं दाखवत नाही, प्रश्न विचारतो. पानं समोरासमोर की एकाआड एक? पाकळ्या सुट्या की जोडलेल्या? प्रत्येक प्रश्नाला दोन दारं, एका दाराने आत गेलं की पुन्हा दोन दारं, असं करत शेवटच्या खोलीत तुमची वनस्पती बसलेली असते. याला किल्ली म्हणतात. आप्पांनी पहिली किल्ली फिरवली ती वेताळ टेकडीवरच्या एका शेंगावर्गीय झुडपासाठी. चार तास लागले. शेवटच्या खोलीत जी बसली होती ती फक्त सिंधच्या वाळूत उगवणारी निघाली. कुकच्या काळी सिंध मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे एखादं दार चुकलं की पुण्याचा माणूस थेट कराचीला निघतो. त्या कुळात पुष्कळांना दहा पुंकेसर असतात, नऊ जोडलेले आणि दहावा सुटा. आप्पांचा दहावा भिंगाच्या नाडीला चिकटून गेला होता.

श्रीकांत इंगळहळीकरांचं 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' 2001 साली आलं आणि पुण्याच्या मध्यमवर्गाला रानफुलांची नावं रंगीत फोटोंसकट मिळाली. इंगळहळीकरही इंजिनिअरच. या गावात इंजिनिअरांना झाडांची खोड लागते ती काही आजची नाही. फोटो बघून ओळखणं म्हणजे पाठीमागची उत्तरं बघून गणित सोडवणं, असं आप्पा चारचौघांत म्हणतात. त्यांच्या प्रतीचा पुठ्ठा निघालेला आहे आणि पानं पावसाने फुगली आहेत. याबद्दल मी त्यांना कधी विचारलेलं नाही.

पण आप्पांचं मला खरं नवल वाटतं ते वेगळ्याच कारणाने. हा माणूस पुण्यात राहून 'माहीत नाही' म्हणतो. ज्या गावात परक्याने पत्ता विचारला तर ठाऊक नसलेला रस्ताही ठासून सांगतात, त्या गावात. आणि तोंड पाडून म्हणत नाही, चवीने म्हणतो. सड्यावर पावसाळ्यात गेंद उगवतो, पांढऱ्या गुंडीसारखं डोकं आणि खाली गवतासारखी पानं. त्याच्या कितीतरी जाती आहेत आणि त्यांतल्या काहींचा निकाल बी सूक्ष्मदर्शकाखाली धरल्याशिवाय लागत नाही. आप्पा तासभर गेंदापुढे बसतात, भिंग पुसतात, आणि प्रसन्न चेहऱ्याने जाहीर करतात, "कुळ ठाऊक आहे. पुढचं माहीत नाही." मग वहीत लिहितात: ओळख बाकी. त्या वहीत ओळख बाकी असलेली पानं ओळख पटलेल्या पानांहून जास्त आहेत. बँकेत इतकी थकबाकी असती तर आप्पांची बदली झाली असती.

वरच्या मजल्यावरचा मुलगा झाडासमोर फोन धरतो आणि दोन सेकंदांत नाव सांगतो. आप्पांनी महिनाभर त्या फोनचं शांतपणे निरीक्षण केलं आणि निकाल दिला, "यंत्र चांगलं आहे. पण एकदाही 'माहीत नाही' म्हणालं नाही." आणि थोडं थांबून, "पुण्यातच बनवलेलं दिसतंय."

सणासुदीला मात्र आप्पांना घरात ठेवणं अवघड. गणपतीला 21 पत्री लागतात, त्यांची यादी पूजेच्या पुस्तकात आहे: माका, बेल, आघाडा, शमी, डोरली, हादगा, मरवा वगैरे. मंडईत जुडी विकत मिळते. आप्पा ती जुडी तिथेच, गर्दीत, विकणाऱ्या मावशींच्या डोळ्यांदेखत सोडतात आणि वर्तमानपत्रावर लावतात. एका वर्षी 21 पानांत सहा जाती निघाल्या, त्यातली एक मेंदी आणि दुसरी कुणाच्या तरी कुंपणाची. आप्पांनी विचारलं, "यात देवदार कुठे आहे?" मावशी म्हणाल्या, "हा काय." तो सुरू होता. आता देवदार हिमालयात उगवतो, तो मंडईत कुठून यायचा, हे आप्पांनाही ठाऊक आहे. पण यादीत लिहिलंय आणि माल दिलाय तर जुळायला नको? मावशींनी शेवटी हात जोडले, "आजोबा, देव तरी घेतो हो, तुम्हीच घेईना."

दसऱ्याला तर सोसायटीतली माणसं आप्पांचं दार टाळून जिना उतरतात. कारण आपण 'सोनं घ्या, सोन्यासारखे राहा' म्हणत पान पुढे केलं की आप्पा ते उलटं करून उजेडात धरतात. आपट्याचं पान लहान, जाड, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. बाजारात सोनं म्हणून पोत्यांनी येतं ते पुष्कळदा कांचनाचं, मोठं आणि पातळ. "हा कांचन," आप्पा म्हणतात आणि पान खिशात टाकतात. परत देत नाहीत. बँकेत खोटी नोट आली तर ती परत द्यायची नसते, जप्त करायची असते. गेल्या दसऱ्याला 43 पानं आली, 38 जप्त झाली. तरी मी त्यांना दरवर्षी सोनं द्यायला जातो. आपटा निघालाच तर आप्पा ज्या तऱ्हेने उठून मिठी मारतात, तशी मिठी मला दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

त्यांच्या आयुष्यात एक मोठं दुःख आहे, ते बाभळीचं. शास्त्रात बाभळीला अ‍ॅकेशिया म्हणत. अ‍ॅकेशिया म्हणजे हजारावर जातींचं अवाढव्य एकत्र कुटुंब, आणि ते एक नाहीच, त्यात वेगवेगळी घराणी आहेत असं निघालं. वाटण्या करणं आलं. नियमाप्रमाणे मूळ नाव मूळ नमुन्याकडे जातं, आणि मूळ नमुना होती आपली बाभूळ. पण ऑस्ट्रेलियात त्यातल्या जवळजवळ हजार जाती, एवढ्यांची नावं बदलायची म्हणजे केवढा व्याप! तेव्हा 2005 साली व्हिएन्नाच्या जागतिक बैठकीत नमुनाच बदलायचं ठरलं आणि नाव ऑस्ट्रेलियाला देऊन टाकलं. 2011 साली त्यावर कायमचं शिक्कामोर्तब झालं, तेही मेलबर्नला. "बैठक मेलबर्नला भरवल्यावर निकाल आणखी काय लागणार?" आप्पा विचारतात. आता बाभूळ झाली व्हॅचेलिया आणि खैर झाला सेनेगालिया. ज्या माणसाने नमुना सहीपुढे स्वतःच्या सासऱ्यांना मानलं नाही, त्याच्या डोळ्यांदेखत नमुना सहीच बदलली. ते आठवडाभर जेवले नाहीत असं मी म्हणणार होतो, पण काकू म्हणतात दोन वेळा नीट जेवत होते, फक्त बोलत नव्हते. काकूंनी त्यांना विचारलं, "बाभळीला मराठीत आता काय म्हणायचं?" आप्पा म्हणाले, "बाभूळ." "मग झालं तर," असं म्हणून काकू आत गेल्या.

काकूंबद्दल सांगायला हवं. त्या रायगडच्या. त्यांनी कुक वाचलेला नाही आणि भिंग फक्त सुईत दोरा ओवायला वापरतात. पण पहिल्या पावसानंतर टेकडीवर नेलं तर चालता चालता बोलत जातात: हा टाकळा, ही भारंगी, हा कुर्डू, ही कोवळी आहे, ही आता निबर झाली. फुलाचा पत्ता नसतो. मी एकदा विचारलं, ओळखता कशावरून? त्या म्हणाल्या, "म्हणजे? तुम्ही तुमच्या मावशीला कशावरून ओळखता?" आप्पांच्या देशी-परदेशी या वादातही त्यांचा एक सवाल कायम उभा असतो. आप्पांना टेकडीवर लावलेला गिरिपुष्प खपत नाही, तो मध्य अमेरिकेचा. गुलमोहर मादागास्करचा. घाणेरी, गाजरगवत, सगळी बाहेरून आलेली. काकू एकादशीच्या खिचडीची ताटली पुढे ठेवतात आणि म्हणतात, साबुदाणा, शेंगदाणा, मिरची, बटाटा, यातलं देशी काय असेल ते वेचून खा. आप्पा काही वेचत नाहीत. सगळं खातात.

तीन वर्षांपूर्वी आमच्या पार्किंगमध्ये पाण्याच्या टाकीमागे, जिथे नळ गळतो आणि गळणार आहे, तिथे पावसात एक दांडा उगवला. ठिपक्याठिपक्यांचा, वर एकच पान, छत्रीसारखं पसरलेलं आणि फाटत गेलेलं. वरच्या मजल्यावरचा फोन म्हणाला, पपई. आप्पांनी गुडघे टेकले आणि पाऊण तासाने सांगितलं, हे अ‍ॅमॉर्फोफॅलस. पण त्यात शेवळ येतो, सुरण येतो, आणखीही काही येतात. पानं सगळ्यांची साधारण एकाच वळणाची. देठ खरखरीत आहे म्हणजे शेवळ नसावा, परंतु.

गॅलरीतून काकू म्हणाल्या, "सुरण आहे हो तो."

"फूल येऊ दे," आप्पा म्हणाले.

"मीच साल टाकली होती तिथे. कोंब होता तिला."

"साल कशाची होती याची नोंद आहे का?"

काकू आत गेल्या. आप्पांनी रोपाभोवती दगड रचले आणि पुठ्ठ्याचं कार्ड लावलं: 'ओळख बाकी. फुलाची वाट पाहत आहोत. उपटू नये.' दिवाळीनंतर पान वाळून पडलं आणि मागे नुसते दगड आणि कार्ड उरलं. सेक्रेटरींनी विचारलं, आता तरी ही स्कूटरची जागा मोकळी करायची का? आप्पा म्हणाले, कंद झोपलाय. पुढच्या पावसात पान पुन्हा आलं, आधीपेक्षा मोठं. त्याच्या पुढच्याही. फूल नाही. या जमातीत फूल येतं ते पान नसताना, पावसाच्या तोंडाला, आणि कंद पुरेसा पोसल्यावरच. आप्पा मे महिन्यात गावी जाईनासे झाले.

यंदा मेच्या अखेरीला एका संध्याकाळी सोसायटीत उंदीर मेल्याचा वास सुटला. उंदीर कसला, घूस असावी असं पहिल्या मजल्याचं मत पडलं. टाकीचं झाकण उघडून पाहिलं. दोन गाड्यांची बॉनेटं उघडली. वॉचमन नाकाला रुमाल बांधून वासाच्या मागावर निघाला आणि टाकीमागून ओरडत परत आला. दगडांच्या रिंगणात, जमिनीतून थेट वर, पान नाही की काही नाही, परातीएवढं जांभळं-तपकिरी फूल बसलं होतं. मधोमध मेंदूसारखा सुरकुतलेला गोळा. भोवती माशा आणि भुंगे. तो वास त्यांच्यासाठीच असतो. सडलेलं मांस समजून ते येतात आणि परागकणांची हमाली करून जातात.

आप्पा धावत आले. सगळी सोसायटी नाक दाबून वीस फुटांवर उभी, आणि हा माणूस गुडघे टेकून, भिंग डोळ्याला लावून, त्या फुलात जवळजवळ शिरलेला. दहा मिनिटांनी डोकं बाहेर आलं. चेहऱ्यावर साखरपुड्याला शोभेल असं हसू. "शेवळाचा हा भाग लांब, निमुळता असतो. हा बघा कसा गुबगुबीत आहे. शंकाच नाही."

"काय निघालं?" गॅलरीतून काकूंनी विचारलं.

आप्पांनी गळ्यातलं भिंग नीट शर्टाच्या आत घातलं. "सुरण."

"आणि ती सही बाबांचीच होती," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

तिसऱ्या दिवसापर्यंत वास गेला. फळ धरतंय का हे पाहायचं असल्याने दगड अजून तसेच आहेत, स्कूटरची जागा अडलेलीच आहे. कार्ड मात्र नवीन लागलंय. आप्पांच्या सुवाच्य बँकी अक्षरात त्यावर लिहिलंय: 'अ‍ॅमॉर्फोफॅलस पेओनिफोलियस. ओळख पटली.' त्याखाली पेन्सिलीने, काकूंच्या हातचं, 'सुरण', आणि पुढे तारीख. तीन वर्षांपूर्वीची.